एकट्याचा फोटो

सकाळी दुकान उघडायच्या आत फोन वाजला, की आमच्या धंद्यात त्याची दोनच कारणं असतात. एक तर कुणाला पासपोर्टचा फोटो तातडीनं हवा असतो, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं. दुसऱ्या फोनची भाषा ठरलेली. आधी पलीकडचं माणूस काही बोलत नाही, मग घसा साफ केल्याचा आवाज येतो, आणि मग... "ताई, आमच्या लग्नातला आजोबांचा एखादा चांगला फोटो असंल का हो तुमच्याकडं?" 'गेले' हा शब्द कुणी उच्चारत नाही. मीही विचारत नाही. नाव आणि लग्न कधी झालं तेवढं विचारते आणि "दुपारी या" म्हणते. माघ संपत आला होता, तेव्हा असाच एक फोन आला. पोळ्या लाटत होते म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडं कमलवहिनी होत्या, माझे भागीदार शेषराव यांच्या पत्नी. "ताई," त्या म्हणाल्या आणि थांबल्या... "ह्यांचा एखादा फोटो हाय का हो तुमच्याकडं? एकट्याचा?" तव्यावरची पोळी करपून घरभर धूर झाला, तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

शेषराव आणि मी औरंगपुऱ्यात, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, मिळून स्टुडिओ चालवत होतो. ते फोटो काढायचे. मी कॉम्प्युटरसमोर बसून फोटो निवडायची, रंग सुधारायची, अल्बम लावायची. कितीतरी गिऱ्हाइकांना आम्ही सख्खे भाऊबहीणच वाटायचो, आणि आम्हीही कधी कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही. ते मूळचे अजिंठ्याकडचे. तरुणपणी काही दिवस लेण्यांपाशी काम केलेले. आत फ्लॅश चालायचा नाही, तेव्हा दारात आरसा धरून ऊन पांढऱ्या कापडावर घ्यायचं आणि तो मवाळ उजेड भिंतीवरच्या चित्रांवर सोडायचा, असलं ते काम. तेव्हापासून त्यांना खिडकीच्या उजेडाचं वेड लागलं ते कायमचंच. लग्नाच्या हॉलमध्ये लाखभर दिवे लावलेले असले, तरी हा माणूस कुठं एखादी खिडकी सापडते का ते बघत फिरायचा. मी चेष्टा करायची, "शेषराव, नवरी स्टेजवर आहे, खिडकीत नाही." ते नुसते हसायचे.

खिडकी त्यांना कशासाठी हवी असायची ते मला ठाऊक होतं. प्रत्येक लग्नघरात ते घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस हेरायचे. हळदीची, विहिणींची, देण्याघेण्याची धांदल चालू असताना त्या आजीला नाहीतर आजोबांना हाताला धरून बाजूला न्यायचे, खिडकीजवळ बसवायचे, मागं पिशवीतलं फिकट राखाडी कापड लावायचे आणि एकच फोटो काढायचे. एकट्याचा. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा आवाज दणकट होता, खटक! म्हातारी माणसं दचकायची, मग पदर किंवा टोपी नीट करत विचारायची, "झालं व्हय?" हा फोटो अल्बममध्ये जायचा नाही. तो माझ्याकडं वेगळा ठेवलेला असायचा. फोन येईपर्यंत. शेषरावांचे वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं डोकं कापून मोठं केलं, आणि तेराव्याला हार घातला त्या फोटोत त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता. तो हात कुणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. "आयुष्यभर तो हात बगत आलोय ताई," ते एकदा म्हणाले होते, "दुसऱ्याच्या घरात तसलं नको."

मला हे फार मोठं पुण्य वाटायचं. आजही वाटतं. पण लोकांच्या मनात काय शिजेल ते सांगता येत नाही. चिकलठाण्याकडच्या एका मोठ्या कुटुंबात लागोपाठ लग्नं झाली आणि प्रत्येक लग्नानंतर काही महिन्यांत, शेषरावांनी खिडकीजवळ बसवलेलं माणूस गेलं. म्हातारी माणसं होती, जायचीच होती. त्यासाठीच तर तो फोटो. पण कुणीतरी बोललं, दुसऱ्यानं त्यात तिखटमीठ घातलं. पुढं एका हळदीला शेषराव दारात उभे राहिले तर यजमान त्यांना हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "भौ, तुमचं काम एक नंबर हाय. फक्त आमच्या मायला तेवढा क्यामेरा नका लावू." शेषरावांना आधी कळलंच नाही. "कामून?" "लई जण म्हणत्यात... तुमचा क्यामेरा ज्याला बगतो, ते माणूस जातं म्हणून." परत आल्यावर त्यांनी मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसले, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हळूहळू असं व्हायला लागलं, की शेषराव घरात शिरले की आतल्या खोलीचं दार लागायचं. एका आजीनं तेवढं आतून ओरडून सांगितलं होतं, "येऊ द्या त्याला! मला तर लई कंटाळा आलाय!" पण घरच्यांनी तिला काही बाहेर येऊ दिलं नाही.

ठरलेली लग्नं सुटायला लागली. तोंडावर खरं कारण कोण सांगणार? सगळे एकच म्हणायचे, "तुमचा कॅमेरा जुना झाला हो." आता हेही खोटं नव्हतं. मी तर कितीतरी दिवस त्यांचं डोकं खात होते. कॅमेरा बदलावा की नाही, यावर आमच्या दुकानात जेवढं भांडण झालं तेवढं दुसऱ्या कशावरून झालं नसेल. मी म्हणायची, या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसतं. ते उद्या बिघडलं तर कुणाचं अख्खं लग्न गेलं, आणि लग्न काही पुन्हा लागत नसतं. अंधाऱ्या हॉलमध्ये फोटोवर जे दाणे दाणे येतात ते घासून काढताना माझे डोळे जातात. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात, अंधारात दिसतं, समोरच्याचा डोळा आपोआप धरून फोकस तिथंच लागतो. शेषराव म्हणायचे, "लोक फोटो बगत्यात मोबाइलवर, अंगठ्यानं सरकवत्यात. त्यांना कुठं दाणे दिसायलेत? आज नवा घ्या, अल्बम लागायच्या आत त्याच्याहून नवा येतो. दुकानदार आपल्याला भूक लावून ठेवतो ताई, पोट भरू देत नाय." दोघांचंही खरंच होतं, म्हणून भांडण मिटायचं नाही. शेवटी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं गेलो. त्यांनी तो कानाशी धरून बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, आणि मान हलवली. "शेषरावभाई, पार्टां नई आते अब इसके. शटर की उमर हो गई. कब बैठ जाएगा, बोल नई सकता." खाली उतरताना शेषराव जिन्यात मध्येच थांबले. मोबाइलमध्ये काहीतरी बघतोय असं दाखवलं. हल्ली ते तसे थांबायला लागले होते, आमच्या दुकानाच्या जिन्यातसुद्धा. मोबाइलचा पडदा बंद असायचा.

"बदलून टाका," मी त्या दिवशी म्हटलं. "शटरचं जाऊ द्या. लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात ना? कॅमेराच बदलला की त्यांच्या तोंडाला कुलूप." हे मात्र त्यांना पटलं. आम्ही दोघं शिकलेसवरलेले, अशा गोष्टींवर विश्वास नसलेले. पण धंद्यासाठी म्हणून आम्हीही सगळा दोष त्या बिचाऱ्या यंत्रावर ढकलला आणि गावभर सांगितलं, की जुना बंद, नवा आला.

दसऱ्याला आम्ही फोटोवाले कॅमेऱ्याची पूजा करतो. टेबलावर पाट मांडला, नवा कॅमेरा ठेवला, शेजारी जुना. मी हळदकुंकू लावलं आणि झेंडूचे हार दोघांना घातले. शेषरावांनी जुन्यावरचा हार लगेच उचलला. "ह्याला नको ताई. ह्यो अजून जिता हाय." मग त्यांनी खिडकीजवळ स्टूल ओढलं, मागं ते राखाडी कापड लावलं आणि स्वतःच त्यावर बसले. "नव्याचा पयला फोटो माझा." मला ते आवडलं नाही. "पहिला देवाचा काढू," मी म्हटलं. "देवाचे लई हायेत. माझा एकबी नाय. अन् नव्या क्यामेऱ्यानं माझं काय वाकडं होतंय ते एकदा बगू द्या लोकांना." अंगावरचा सदरा त्यांनी सारखा केला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आतल्या पडद्यावर एक बारीक हिरवी चौकट कुठूनशी आली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसली. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे फोटो निघाला होता, पण कसलाही आवाज न होता. "काढला का?" ते तसेच ताठ बसून विचारत होते. "काढला." "कदी?" त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, स्वतःच बटण दाबून बघितलं आणि कान जवळ नेला. "असा कसा ह्यो," एवढंच म्हणाले.

लग्नघरच्या लोकांना मात्र तो मुकेपणा फारच आवडला. मंगलाष्टकं चालू असताना कटकट नाही, भटजी वैतागत नाहीत, व्हिडिओत खटखट येत नाही. आवाज चालू करायची सोय त्या कॅमेऱ्यात होती, पण गिऱ्हाइकांना नको होता, म्हणून आम्हीही ठेवला नाही. तुळशीचं लग्न झालं तशी कामं परत यायला लागली. लोकांची तोंडं खरंच बंद झाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. मग एक दिवस स्क्रीनवर निवड करताना मला काही निराळेच फोटो दिसायला लागले. घोळक्यातली म्हातारी माणसं. जेवताना, पेंगताना, दुसरीकडं कुठंतरी बघताना. एकटी. प्रत्येक लग्नात एक. मागं कापड नाही, खिडकी नाही, ज्याचा फोटो त्याला कल्पना नाही. आणि डोळे इतके लख्ख, की अंगावर काटा यावा. "आता विचारावं लागत नाय," शेषराव माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले. त्यांचा आवाज खुशीचा नव्हता. "अन् एक सांगू का ताई? गर्दीत ह्यो डब्बा आधी म्हाताऱ्याचाच डोळा धरतो. तरणी पोरं म्होरं हुबी असत्यात, चौकट त्यांना सोडून मागं जाती." मी म्हटलं, सेटिंग असतं ते, बघते मी. बघितलंही. सेटिंगमध्ये काही चूक नव्हती.

त्या महिन्यात ते खंगायला लागले. मी डॉक्टरकडं जा म्हणून मागं लागले. गेले, गोळ्या आणल्या, कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवल्या आणि विसरले. एका संध्याकाळी चहा पिताना आपणहून म्हणाले, "चोरी केल्यावानी वाटतंय. पयले खटक व्हायचं, माणसाला कळायचं, की आपला निघाला. दचकायचं, हसायचं, अन् मग उठून जायचं. आता कळतच नाय कुणाला. मीच बगतो, मीच घेतो... मंग लोक म्हणायचे त्यात खोटं काय ऱ्हायलं?" मला राग आला. कॅमेऱ्याचा आला, लोकांचा आला, त्यांचाही आला. मी कप उचलून विसळायला नेले. दुसऱ्या दिवसापासून ते दोन कॅमेरे घेऊन जायला लागले. लग्नाला नवा, आणि त्या एका फोटोसाठी जुना.

व्हायचं तेच झालं. चिकलठाण्याला, त्याच मोठ्या कुटुंबातलं लग्न. नवा कॅमेरा आहे म्हणूनच त्यांनी पुन्हा बोलावलं होतं. घरातले सगळ्यात वडीलधारे आबा, ताठ बसणारे, फेटा बांधलेले. शेषरावांनी त्यांना विचारलं, ते आनंदानं उठले, हॉलच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ येऊन बसले. मी कापड धरून उभी होते. पिशवीतून जुना कॅमेरा निघाला आणि तेवढ्यात आबांचा थोरला मुलगा दारात आला. "ओ! त्यो बंद केला म्हणला होतात ना?" तो धावत आला आणि त्यानं शेषरावांचा हात धरला. त्या ओढाताणीत बटण दाबलं गेलं. नेहमीचं खटक झालं नाही. आत काहीतरी अडकल्यासारखा, दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि कॅमेरा गप्प झाला. शेषरावांनी पुन्हा पुन्हा बटण दाबलं. मुलगा घाबरून हात सोडून मागं सरकला. आबा एकटेच काही न कळून विचारत होते, "झालं व्हय? निघाला का माझा?" मी कापडाची घडी घालून पिशवीत कोंबली. रिक्षात शेषराव तो कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. जालना रोडभर अंगठा त्या बटणावरच होता. औरंगपुऱ्यात उतरताना म्हणाले, "बसला, ताई." मी कार्ड लावून बघितलं. आबांचा फेटा आणि कपाळ आलं होतं. भुवयांच्या खाली सगळं काळं. "हा कुणाला दावू नका," म्हणाले. जिना चढून वर येताना ते तीनदा थांबले आणि या खेपेस मोबाइलही बाहेर काढला नाही. मला त्या दिवशी भीती वाटली, ती आबांसाठी नव्हे.

पुढचे काही आठवडे ते रोज दुकानात यायचे, काम करायचे, पण जुन्या कॅमेऱ्याच्या कपाटाकडं बघायचे नाहीत. आणि मग कमलवहिनींचा तो फोन आला. शेषराव चहा पिऊन अंगणात उन्हाला बसले होते. वहिनी कप उचलायला गेल्या तर मान कलली होती. घरात काही चाहूलसुद्धा लागली नाही. अख्ख्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना भिंतीवर धड चेहरा देणाऱ्या या माणसाचा एकट्याचा असा एकच फोटो होता, दसऱ्याला मी काढलेला, नव्याचा पहिला. मीच तो मोठा केला, मीच फ्रेममध्ये बसवला. खांद्यावर कुणाचा हात नाही, एवढं मात्र मी हजारदा बघितलं. त्यांच्या घरी हार घातला तेव्हा मागं दोन बायका कुजबुजत होत्या. "नवा क्यामेराबी तसलाच निघाला." "क्यामेऱ्याचं नाय गं, काढला कुणी ते बग." मी वळून बघितलं नाही. पण तेव्हापासून दुकानात एखादी म्हातारी आली, की तिची सून तिला माझ्यासमोरून जरा बाजूला सरकवते, हे माझ्या लक्षात आलं आहे.

मला कुणी धंद्यातली नवी पोरं विचारतात, ताई, कॅमेरा बदलायचा का? बदला, असंच मी अजूनही सांगते. दोन कार्डांशिवाय लग्न घेऊ नका म्हणते. पण हे सांगताना पूर्वीसारखा माझा आवाज चढत नाही. शेषरावांचा तो प्रश्न मध्ये येतो... कदी?

मागच्या आठवड्यात भर दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. एकेक पायरी करत कुणीतरी चढत होतं, मध्ये थांबत होतं. मी खुर्चीवरून उठले. दारात आबा उभे होते, चिकलठाण्याचे, फेटा बांधून, खडखडीत. नातवाला खाली गाडीपाशी थांबवून एकटेच वर आले होते. भिंतीवरच्या शेषरावांच्या फोटोला त्यांनी हात जोडले. दुकानात मी त्याचीच एक प्रत लावली आहे. "माझा ऱ्हायला होता ना ताई," ते म्हणाले. "त्यांनी खिडकीपाशी बसवला अन् मंग सगळा गोंधळ झाला. घरी नातू सोडला तर कुणाला सांगितलं नाय. काढा आता." मी म्हटलं, "आबा, तो कॅमेरा गेला." "मंग नव्यानं काढा. मला काय करायचंय त्याचं?"

स्टूल तिथंच होतं, दसऱ्यापासून खिडकीजवळच. मी कापड लावलं, आबा बसले. कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती हिरवी चौकट आली, आबांवरून सरकत गेली आणि कापडाच्या कडेनं दिसणाऱ्या, हार घातलेल्या शेषरावांच्या फोटोतल्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसली. मी कॅमेरा खाली घेतला, पुन्हा वर केला. पुन्हा तिथंच. यंत्राला फोटोतला डोळा आणि माणसाचा डोळा यातला फरक कळत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तिसऱ्यांदा बघितलं नाही. आबांना उठवून मी स्टूल जरा सरकवलं, शेषरावांना चौकटीबाहेर ठेवलं. मग एकदम काहीतरी आठवून मेनू उघडला आणि आवाज चालू केला. जुन्यासारखा दणकट नाही, पण आवाज आला. खटक! आबा दचकले. मग फेट्यावरून हात फिरवत हसले. "झालं व्हय?" "झालं, आबा." "हां. कळलं." ते समाधानानं उठले.

दारापर्यंत गेले आणि काठी टेकून वळले. एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा रिकाम्या स्टुलाकडं, मग माझ्याकडं. "त्यांचा तुमी काढला. माझाबी काढला," ते म्हणाले. "तुमचा काढलाय का कुणी?"

मी हसून त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन कापडाची घडी केली, कॅमेरा कपाटात जुन्याशेजारी ठेवला. स्टूल मात्र अजून तिथंच आहे. दुपारी खिडकीतून त्यावर चांगलं मवाळ ऊन येतं. दुकानात कितीही गर्दी झाली, बसायला दुसरी जागा नसली, तरी मी त्यावर बसत नाही.